रोझेटी, क्रिस्टिना : काव्यामागील समाज व धर्म

रोझेटी, क्रिस्टिना जॉर्जिना : (५ डिसेंबर १८३०–२९ डिसेंबर १८९४). इंग्रज कवयित्री. जन्म व मृत्यू लंडन येथे. वडील गाब्रिएले हे इटलीतून परागंदा झालेले कवी. किंग्ज कॉलेजात ते इटालियन शिकवीत. आई फ्रान्सिस निष्ठावंत अँग्लिकन होती. दोन्ही मुलींनी आईचा धर्म मनापासून पाळला. मुलगे दान्ते गाब्रिएल व विल्यम त्यापासून दूर गेले.

धर्म : १८३३ साली ऑक्सफर्ड येथे सुरू झालेल्या चळवळीने अँग्लिकन पंथात पापनिवेदन, उपास व संस्कारविधी यांना पुन्हा महत्त्व आणले. रोझेटी मायलेकी ज्या ख्राइस्ट चर्चमध्ये जात, ते या चळवळीचे लंडनमधील एक मुख्य ठाणे. ईश्वरी गूढ उघड मांडू नये, आडून सुचवावे, ही चळवळीची शिकवण होती. क्रिस्टिनाच्या कवितेतील मितभाषीपणाचा उगम केवळ प्रेमभंगात शोधणारे समीक्षक या शिकवणीकडे दुर्लक्ष करतात.

विवाह : चित्रकार जेम्स कॉलिन्सनशी ठरलेले लग्न तो पुन्हा कॅथलिक झाल्याने १८५० मध्ये मोडले. पुढे चार्ल्स केली यालाही तिने नकार दिला. त्याचे कारण धार्मिक होते, असे विल्यम सांगतो. सर्वच चरित्रकारांना ते पुरेसे वाटत नाही.

भगिनीमंडळे : अविवाहित स्त्रीला शिक्षिकेच्या नोकरीपलीकडे फारसे काही खुले नसताना ऑक्सफर्ड चळवळीतून निघालेल्या व्रतस्थ स्त्रियांच्या या मंडळांनी तिला काम, शिस्त व मान दिला. पहिले अँग्लिकन भगिनीमंडळ १८४५ मध्ये रीजंट्स पार्कजवळ, म्हणजे ख्राइस्ट चर्चच्या परिसरातच, स्थापन झाले. थोरली बहीण मरिया ऑल सेंट्स मंडळात दाखल झाली. क्रिस्टिनाने व्रत घेतले नाही. मात्र १८५९ च्या सुमारापासून सुमारे दहा वर्षे तिने हायगेटच्या सेंट मेरी मॅग्डलीन आश्रमात सेवा केली. ‘पतित’ ठरलेल्या मुलींना तेथे धुणे, शिवण व घरकाम शिकवून नोकरीला लावीत. ‘गॉब्लिन मार्केट’ (प्रकाशन १८६२) ही कविता १८५९ च्या एप्रिलमधली. आश्रमातील अनुभवाशी तिचे थेट नाते लावण्याबाबत मतभेद आहेत. परंतु त्या काळच्या साहित्यात पतितेच्या नशिबी बहुधा मरण येई. या कवितेत मोहात पडलेली बहीण दुसरीच्या धैर्याने वाचते, पुढे संसार करते. पतितेला पुन्हा उभे राहता येते, हीच आश्रमामागची श्रद्धाही होती.

ऑक्सफर्डच्या याच चळवळीतून निघालेल्या, इंग्लंडमधील वाँटेजच्या भगिनीमंडळाकडे पंडिता रमाबाई १८८३ मध्ये गेल्या. तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. मंडळाच्या फुलम येथील आश्रमात ‘पतित’ स्त्रियांची शुश्रूषा पाहून आपले मन पालटल्याचे त्यांनी लिहून ठेवले आहे. हायगेटचे काम समजून घेण्यास मराठी वाचकाला ही साक्ष फार जवळची आहे.

गद्य : १८७९ पासून क्रिस्टिनाचे भक्तिपर ग्रंथ ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्थेने काढले.

मताधिकार : १८८९ च्या स्त्रीमताधिकारविरोधी पत्रकावर तिची सही आहे.