व्यंगचित्रमुद्रिते, फ्रेंच
एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये प्रामुख्याने शिळामुद्रणाने छापली गेलेली सामाजिक व राजकीय उपहासाची चित्रे. जर्मनीत आलॉइस झेनेफेल्डरने १७९८ च्या सुमारास शोधलेल्या या तंत्रात (→ शिळामुद्रण) दगडावर तेलकट खडूने थेट रेखाटन करता येई. त्यामुळे चित्रे जलद व स्वस्तात छापता येत. शार्ल फिलिपाँने पॅरिसमध्ये ‘ला कारिकात्यूर’ (१८३०) व ‘ल शारिव्हारी’ (१८३२) ही नियतकालिके काढली. राजा लुई फिलिप याला नासपतीच्या आकारात दाखवण्याची प्रथा त्यांतूनच रूढ झाली. या परंपरेतील सर्वश्रेष्ठ चित्रकार ऑनोरे दोम्ये (१८०८–७९) याला ‘गार्गांत्युआ’ या चित्राबद्दल १८३२ मध्ये कारावास घडला. ‘र्‍यू ट्रान्सनोनँ’ (१८३४) या मुद्रितात त्याने सैनिकांनी घरात शिरून मारलेले नागरिक दाखवले. त्यात अतिशयोक्तीचा लवलेशही नाही. सप्टेंबर १८३५ च्या कायद्यांनी चित्रांवर पूर्वतपासणी लादल्यावर उपहासाचा रोख समाजाकडे वळला. ठकसेन रोबेर माकेर, वकील, घरमालक, मध्यमवर्गीय दांपत्ये हे दोम्येचे, तर पॅरिसचे तरुण व नखरेल जीवन हे चित्रकार गाव्हार्नीचे विषय. चित्रकार ग्रांव्हिलने माणसांना पशूंची मस्तके दिली. दोम्येची सुमारे ४,००० शिळामुद्रिते ज्ञात आहेत (→ वास्तववाद). लंडनच्या ‘पंच’ (१८४१) या नियतकालिकाने ‘ल शारिव्हारी’वरून ‘द लंडन शारिव्हारी’ हे उपशीर्षक घेतले.