लायसन, किल्ली आणि सरकारचा शब्द

काल जर्मनीत नोकरीला गेलेल्या एका धाकट्या मित्राचा मेसेज आला. "दादा, पुढच्या महिन्यात आई-बाबा येतायत. गाडी भाड्याने घेऊन फिरवावं म्हणतोय. आपलं लायसन आहे, ते इंटरनॅशनल परमिटचं पुस्तकही आहे. चालेल ना?"

मी विचारलं, "तिथं राहायला जाऊन किती महिने झाले?"

"सात."

"मग नाही चालणार."

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मलाही एकदा असंच वाटलं होतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांची मुलं-भाचरं बाहेर आहेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

मी स्टुटगार्टला चार वर्षं होतो. पहिल्याच वर्षी आई-बाबा आले. बाबा एसटीत ड्रायव्हर. ३१ वर्षं घाटात गाडी चालवलेला माणूस. त्यांना ब्लॅक फॉरेस्टचे घाट दाखवायचे, तेही आपण स्वतः गाडी चालवत, असं माझ्या मनात होतं. मोबाईलवर गाडी बुक केली. सकाळी तिघं नटूनथटून, डबा बांधून काउंटरवर हजर. तिथल्या पोराने पासपोर्ट घेतला, लायसन घेतलं, क्रेडिट कार्ड घेतलं. मग माझं राहण्याच्या परवान्याचं कार्ड बघितलं आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही इथं कधीपासून राहता?"

"आठ महिने झाले," मी अभिमानाने सांगितलं.

त्याने सगळी कागदपत्रं परत माझ्यासमोर ठेवली. "मग तुम्हाला गाडी देता येणार नाही."

मी वाद घातला. बारा वर्षांचा अनुभव सांगितला, पुस्तकाची तारीख दाखवली, ती अजून संपली नव्हती. तो पोरगा नम्रच होता, पण किल्ली काही त्याने दिली नाही. मागे रांग लागलेली. आईला भाषा कळत नव्हती, पण माझा चेहरा वाचता येत होता. बाहेर आल्यावर मी कंपनीला चार शिव्या घातल्या. बाबा म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. मला लायसन होतं तरी एसटीने ट्रेनिंग करून टेस्ट घेतल्याशिवाय गाडी दिली होती का? गाडी त्याची आहे. आणि आत बसणारी माणसं आपली आहेत."

त्या दिवशी आम्ही रेल्वेने ब्लॅक फॉरेस्टला गेलो. रॉबर्ट गेरविग नावाच्या इंजिनिअरने बांधलेला हा डोंगरातला मार्ग १८७३ मध्ये पूर्ण झाला. चढ जमावा म्हणून रूळ डोंगरातच वळसे घेत वर नेलेत. बाबा खिडकीला नाक लावून बसले. "आपल्या खंडाळ्याच्या घाटाचा भाऊ आहे," म्हणाले. आमचा बोरघाट त्याच्याही दहा वर्षं आधीचा, १८६३ चा, हे सांगितल्यावर तर खूशच झाले. दिवस वाया गेला नाही. पण माझ्या डोक्यातून तो काउंटर गेला नाही. सहा महिन्यांपर्यंत मी चांगला ड्रायव्हर आणि एका रात्रीत नालायक? असं कसं? म्हणून मी वाचायला लागलो.

गंमत बघा. मी ज्या भागात राहत होतो, तिथूनच ही सगळी गोष्ट सुरू होते. मोटारगाडीचा जनक कार्ल बेंझ मानहाइमचा. त्याच्या गाडीच्या आवाजाने आणि वासाने लोक वैतागले, तेव्हा १८८८ मध्ये बाडेन संस्थानाच्या अधिकाऱ्यांकडून त्याला रस्त्यावर गाडी चालवायची लेखी परवानगी घ्यावी लागली. जगातलं पहिलं लायसन म्हणून तोच कागद दाखवला जातो. त्याच ऑगस्टमध्ये त्याची बायको बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फॉर्झहाइमला, सुमारे १०० किलोमीटर, गाडी चालवत गेली. वाटेत इंधन संपलं तेव्हा वीसलॉखच्या औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. परवानगी होती ती नवऱ्याच्या नावावर. म्हणजे जगातला पहिला लांबचा मोटारप्रवासच बिनालायसनचा!

सुरुवातीला लायसन म्हणजे चालवता येतं याचा पुरावा नव्हताच. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने लायसन आलं, तेव्हा पाच शिलिंग भरले की मिळायचं. सक्तीची परीक्षा यायला १९३५ उजाडलं. तीस वर्षं नुसती पावती! हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग श्रीमंत लोक आपापल्या गाड्या घेऊन एका देशातून दुसऱ्या देशात हिंडायला लागले. दर सीमेवर कटकट. म्हणून १९०९ मध्ये पॅरिसला पहिला आंतरराष्ट्रीय मोटार करार झाला. गाडीच्या मागे देशाचं अक्षर लावायची अंडाकृती पाटी ठरली. खड्डा-उंचवटा, वळण, चौक आणि रेल्वे फाटक असे धोक्याचे चार फलक ठरले. पुढे १९२६ च्या पॅरिस करारातून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आलं, १९४९ मध्ये जिनिव्हाला नवा करार झाला, १९६८ मध्ये व्हिएन्नाला आणखी एक. आपण जिनिव्हाच्या करारात आहोत आणि १९८० मध्ये व्हिएन्नाच्या करारातही गेलो. आपल्याकडे आरटीओत मिळतं ते पुस्तक जिनिव्हाच्या नमुन्याचं, एका वर्षाचं. मुळात ते वेगळं लायसन नाहीच. आपल्या लायसनचं परक्या पोलिसाला वाचता येईल असं भाषांतर आहे ते.

आता यातली मेख. हे सगळे करार पाहुण्यासाठी केलेले आहेत. आला, फिरला, परत गेला अशा माणसासाठी. पोटापाण्यासाठी येऊन राहणारा परदेशी माणूस त्यांच्या डोळ्यासमोर नव्हता. व्हिएन्नाच्या करारात तर साफ लिहिलंय की माणसाने आपला मुक्काम आमच्या देशात हलवला, तर त्याचं जुनं लायसन न मानायची मोकळीक आम्हाला आहे. जर्मनीने ती मोकळीक वापरली. मुक्काम केल्यापासून सहा महिने जुनं लायसन चालतं. आपण वर्षभराच्या आतच परत जाणार आहोत हे दाखवलं तर थोडी मुदत वाढवून मिळू शकते. त्यानंतर तेच लायसन खिशात असून तुम्ही कायद्याने बिनालायसनचे. पकडलं तर फौजदारी गुन्हा, दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद. आणि अपघात झाला तर विमा कंपनी तुमच्या मागे लागते ते वेगळंच.

त्या काउंटरवरच्या पोराने मला अडवलं म्हणून मी चिडलो होतो. खरं तर त्याने मला वाचवलं होतं.

भाड्याच्या गाडीच्या धंद्याचा इतिहासही मला असाच वाटतो, अनोळखी माणसावर किती विश्वास ठेवायचा याचा इतिहास. १९१२ मध्ये म्युनिकला मार्टिन सिक्स्टने तीन गाड्यांवर भाड्याचा धंदा सुरू केला. १९१८ मध्ये शिकागोत वॉल्टर जेकब्ज नावाच्या बावीस वर्षांच्या पोराने बारा फोर्ड गाड्या भाड्याने द्यायला काढल्या. १९२३ मध्ये त्याचा धंदा जॉन हर्ट्झने विकत घेतला. हा हर्ट्झ स्वतः आजच्या स्लोव्हाकियात जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत आलेला स्थलांतरित. १९४६ मध्ये वॉरन एव्हिस या माजी वैमानिकाने डेट्रॉइटजवळच्या विमानतळावर भाड्याच्या गाड्यांचं दुकान थाटलं. तिथून गिऱ्हाईकच बदललं. गावातला, तोंडओळखीचा माणूस जाऊन आता विमानातून उतरलेला पूर्ण अनोळखी माणूस समोर आला. त्याच्यावर भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा? तीन कागदांच्या. पासपोर्ट सांगतो हा कोण. कार्ड सांगतं हा पैसे देईल. आणि लायसन सांगतं, याला गाडी येते.

आपल्याकडे हा प्रश्न उशिरा आला, कारण आपल्याकडे भाड्याची गाडी म्हणजे ड्रायव्हरसकट गाडी. स्वतः चालवायला गाडी भाड्याने देण्याच्या धंद्याला नीट चौकट मिळाली ती १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातल्या ७५ व्या कलमाने आणि त्याखालच्या १९८९ च्या योजनेने. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं दिसतात ना, त्या याच गाड्या.

आता मूळ मुद्दा. जर्मनीकडे एक यादी आहे. त्या यादीतल्या देशाचं लायसन असेल तर बदलून जर्मन लायसन मिळतं, निदान काही परीक्षा माफ होते. जपान आहे, दक्षिण कोरिया आहे. हे तरी पुढारलेले देश म्हणून सोडून देऊ. पण दक्षिण आफ्रिका आहे, नामिबिया आहे. भारत नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अपमान वाटला. मग माझी स्वतःची लायसनची परीक्षा आठवली. कुठलं आरटीओ ते सांगत नाही, सगळ्यांना आपलंच वाटेल. एजंटने फॉर्म भरले. मैदानात वीसेक मीटर पुढे, तेवढंच मागे. साहेब मोबाईलवर होते. "झालं, पुढचा." मी त्या दिवशी तिसऱ्या गिअरपर्यंतही पोचलो नव्हतो. बाबांना हे घरी येऊन हसत सांगितलं, तेव्हा ते हसले नव्हते. खरं ड्रायव्हिंग मला पुढचे सहा महिने बाबांनी शिकवलं. म्हणजे मला गाडी येत होती, पण माझ्या लायसनमुळे नाही. लायसन १९०३ च्या ब्रिटनसारखं, पावती.

लायसन म्हणजे आपल्या सरकारने जगाला दिलेला शब्द असतो की हा माणूस आम्ही तपासलाय. तो शब्द इथं आपण किती स्वस्त केलाय, हे परक्या देशातल्या काउंटरवर कळतं. आपल्यातल्या कितीतरी उत्तम ड्रायव्हरांचंही त्यात नुकसान होतं, कारण कागद दोघांचा सारखाच. आणि काउंटरवर फक्त लाज जाते, रस्त्यावर माणसं जातात. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, हा सरकारी आकडा आहे. जर्मनीत त्याच वर्षी सुमारे २,८००. लोकसंख्येचा फरक धरला, तरी हिशेब आपल्याच विरोधात जातो. सगळा दोष लायसनचा नाही, रस्ते आहेत, ट्रॉमा सेंटर नाहीत, हेल्मेट नाही. पण सुरुवात तिथूनच होते.

मी शेवटी जर्मन लायसन काढलं. डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा दिवसभराचा वर्ग, मग तीस प्रश्नांची लेखी परीक्षा. इंग्रजीतून देता येते. आपल्याला ठराविक तासांची सक्ती नसते, पण परीक्षा ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतूनच असल्यामुळे तास घ्यावेच लागतात. खिशाला चांगली कात्री लागली. मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तुम्हाला गाडी चालवता येते. बघता येत नाही." वळण्याआधी खांद्यावरून मान वळवून बघायचं, आरशावर विसंबायचं नाही. जिथं फलक नाही त्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो सायकलवाला का असेना. पहिल्या परीक्षेत मी नेमका तिथंच नापास झालो. बारा वर्षांचा अनुभव आणि नापास! बाबांना फोन केला तर म्हणाले, "बरं झालं. आता कायमचं लक्षात राहील."

दुसऱ्यांदा पास झालो. पुढच्या उन्हाळ्यात आई-बाबा परत आले. तोच काउंटर. माणूस दुसरा होता. त्याने लायसन बघितलं, किल्ली दिली, पाच मिनिटांत काम झालं. घाटात बाबा शेजारच्या सीटवर बसून माझी मान बघत होते. तासाभराने म्हणाले, "आता बरी वळते." ३१ वर्षांच्या एसटीवाल्याकडून यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मिळत नाही.

तर बाहेर असलेल्यांनो, तीन गोष्टी. फिरायला गेलात तर आपलं मूळ लायसन आणि परमिटचं पुस्तक दोन्ही जवळ ठेवा, नुसतं पुस्तक उपयोगाचं नाही. राहायला गेलात तर पहिल्याच महिन्यात त्या देशाचा नियम आणि मुदत तपासा, प्रत्येक देशाचा वेगळा असतो. आणि "आपली पोरं चालवतात की, कोण बघतंय" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

इथं असलेल्यांनो, एकच. आता ऑटोमॅटिक टेस्ट ट्रॅक होतायत, कॅमेऱ्यासमोर परीक्षा होतेय, आणि लगेच ओरड सुरू झालीय की पोरं नापास होतात, ट्रॅक सोपा करा. पुढाऱ्यांकडे निवेदनं घेऊन जाण्याआधी एवढा विचार करा, की त्या गाडीत आत कोण बसणार आहे आणि समोरून कोण येणार आहे. नापास झालेला पोरगा पुन्हा परीक्षा देऊ शकतो.

तुमची लायसनची परीक्षा कशी झाली होती? खरं खरं लिहा. आरटीओचं नाव नको, एजंटचं तर नकोच.