गग्ग भिक्षू आणि नागपूरची नोंदवही

गोंदिया जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात चांगला कामाधंद्याचा माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, रात्र रात्र जागू लागला, अंगावरच्या वस्त्रांचे भान विसरू लागला, म्हणजे त्याच्याविषयी दोन विधाने हमखास ऐकू येतात. कोणी म्हणते, "याला बाहेरचे लागले." कोणी म्हणते, "तो पहिल्यापासूनच तसा होता." पहिले विधान दोष भुताखेतांच्या माथी मारते, तर दुसरे तो त्या माणसाच्या स्वभावावर ढकलते. दोहोंत साम्य एवढेच की, बोलणाऱ्याने चौकशी केलेली नसते. चौकशीवाचून ठरविलेले हे कारण पुढे त्या माणसाला जन्मभर चिकटते. तो बरा झाला तरी 'पागल' हे नाव बरे होत नाही.

मनुष्याच्या वागण्याचे कारण ठरवावयाचे कसे, हा मानसशास्त्राचा आरंभीचा प्रश्न आहे. व्यक्तिमत्त्व, सामाजिक वर्तन आणि मनोविकार ही त्या शास्त्राची तीन प्रकरणे या एकाच प्रश्नाभोवती फिरतात. प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा इतिहास दोन ठिकाणी पाहणार आहोत : एक विनयपिटकात, दुसरा आपल्या जिल्ह्यातील रुग्ण जेथे पाठविले जात त्या नागपूरच्या इस्पितळाच्या काळात.

गग्ग भिक्षूची कथा

विनयपिटकाच्या महावग्गात व चुल्लवग्गात गग्ग नावाच्या एका भिक्षूची हकीकत आली आहे. गग्गाचे चित्त भ्रमिष्ट झाले होते. त्याला उपोसथाची कधी आठवण राही, कधी राहत नसे. तो संघकर्माला कधी येई, कधी येत नसे. सर्व भिक्षू एकत्र आल्यावाचून उपोसथ होत नसल्यामुळे संघापुढे अडचण उभी राहिली. त्या वेळी भगवंतांनी 'उम्मत्तक-सम्मुती' देण्यास अनुज्ञा दिली. गग्ग आजारी आहे हे संघाने रीतसर मान्य करावे आणि तो आला तरी, न आला तरी उपोसथ करावा, अशी ही व्यवस्था होती. गग्गाला संघातून काढून टाकण्यात आले नाही, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पुढे गग्ग बरा झाला. परंतु आजारपणात त्याच्या हातून श्रमणाला न शोभणारी पुष्कळ कृत्ये झाली होती. भिक्षू त्याला वारंवार विचारू लागले, "अमुक आपत्ती तुझ्या हातून घडली, ती तुला आठवते काय?" तो सांगे की, मी त्या वेळी भ्रमिष्ट होतो, मला काही आठवत नाही, जे केले ते मूढ अवस्थेत केले. तरीही त्यांचे विचारणे थांबेना. तेव्हा भगवंतांनी गग्गास 'अमूळ्ह विनय' देण्यास सांगितले. जो आता मूढ राहिलेला नाही त्याच्यावर मूढावस्थेतील कृत्यांचा आरोप ठेवू नये, असा त्याचा आशय आहे. संघातील वाद मिटविण्याचे जे सात उपाय सांगितले आहेत, त्यांपैकी हा एक होय.

हा निर्णय केवळ दयेपोटी दिला गेला असे मात्र नाही. अमूळ्ह विनय कोणास देऊ नये हेही तेथेच सांगितले आहे. जो आठवत असूनही आठवत नाही म्हणतो, जो स्पष्ट आठवणाऱ्या गोष्टी स्वप्नासारख्या पुसट आठवतात असे सांगतो आणि जो वेडाचे सोंग घेतो, त्यांना तो देणे अधर्म्य ठरविले आहे. म्हणजे संघाने पाहावयाचे काय, तर आजार खरा होता काय, कधी होता, आता आहे काय आणि त्या काळातील स्मरण कितपत आहे. आजच्या न्यायवैद्यकात तज्ज्ञ जे विचारतात, त्यांपैकी बरेचसे प्रश्न यात आले आहेत.

संघाच्या मर्यादाही आम्ही लपवू इच्छित नाही. अपस्मार म्हणजे फेफरे असलेल्या व्यक्तीस प्रव्रज्या देऊ नये असा नियम विनयात आहे. मगधात रोगांची साथ असता जीवक वैद्याकडून उपचार मिळावे म्हणून लोक संघात शिरू लागले, त्या प्रसंगी तो झाला. सारांश, नव्याने येणाऱ्या रुग्णास दार बंद होते. परंतु आत असताना जो आजारी पडला त्यास संघाने टाकले नाही.

स्वभावाची नावे

व्यक्तिमत्त्वाचे वर्गीकरण बौद्ध परंपरेत जुने आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात सहा चरिते सांगितली : राग, द्वेष, मोह, श्रद्धा, बुद्धी आणि वितर्क. चालणे, झाडणे, जेवणे, पाहणे यांवरून कोणाचे चरित कोणते हे ओळखण्याच्या खुणाही त्यांनी दिल्या. हे वर्गीकरण निवाड्यासाठी नव्हते. कोणत्या साधकाला कोणते कर्मस्थान, कसे निवासस्थान व कसे भोजन मानवेल हे ठरविण्यासाठी ते होते. शिवाय स्वतः आचार्यांनीच बजावून ठेवले आहे की, या खुणा मूळ पालीत किंवा अट्ठकथांत संपूर्णपणे आलेल्या नाहीत, त्या आचार्यांच्या मताप्रमाणे दिल्या आहेत. म्हणून त्यांवर सर्वस्वी विसंबू नये.

आधुनिक मानसशास्त्रात गॉर्डन ऑलपोर्ट व हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजी शब्दकोशातून माणसामाणसांतील फरक दाखविणारे सुमारे १८ हजार शब्द वेचून काढले. त्यातून व्यक्तिमत्त्व-गुणांच्या अभ्यासास मोठी चालना मिळाली. नावे मोप आहेत. पण नाव म्हणजे कारण नव्हे. 'तो रागीट आहे म्हणून रागावतो' या वाक्यात आपण एकच गोष्ट दोनदा सांगतो.

नोंदवहीतील रकाना

आता आपण आपल्या प्रदेशाकडे वळू. १८५४ साली नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि आजचा गोंदिया जिल्हा त्यातील भंडारा जिल्ह्यात मोडू लागला. नागपूरचे वेड्यांचे इस्पितळ १८६४ सालचे आहे. आजचे प्रादेशिक मनोरुग्णालय ते हेच. वऱ्हाड-झाडीपट्टीत त्याला लोक 'पागलखाना' म्हणत आले. देवरी-साकोलीकडील रुग्णाला नागपूर गाठावयाचे, तर भंडाऱ्यावरून जाणाऱ्या ग्रेट ईस्टर्न रोडने, वैनगंगा ओलांडून, बैलगाडीने जावे लागे. १८८० च्या दशकात गोंदियावरून आगगाडी धावू लागली, तेव्हा सुमारे १३० किलोमीटरचा हा प्रवास सोपा झाला.

त्या काळी १८५८ चा वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा कायदा लागू होता. भटकणारा वेडा आढळला की पोलिसाने त्याला दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे आणि दंडाधिकाऱ्याने वैद्यकीय अधिकाऱ्याच्या मताने त्याला इस्पितळात धाडावे, अशी रीत होती. रुग्णासोबत त्याच्या माहितीचा कागद जाई. त्यात 'वेडाचे कारण' असा एक रकाना असे. रुग्ण बहुधा एकटा सापडलेला, नातेवाईक दूर, बोलणे असंबद्ध. रकाना तर भरलाच पाहिजे. मग तो गांजा ओढतो अशी कुणकुण लागली की कारणाच्या रकान्यात 'गांजा' लिहिले जाई. इस्पितळाचा कारभार पाहणारे डॉक्टर बहुधा जिल्ह्याचे सिव्हिल सर्जन असत. मनोविकारांचे खास शिक्षण त्यांना नसे. ते तोच शब्द वार्षिक तक्त्यात उतरवीत. अशा तक्त्यांची बेरीज होऊन 'गांजाने हिंदुस्थानात वेड पसरत आहे' हे मत लंडनच्या पार्लमेंटापर्यंत पोहोचले.

१८९३ साली सरकारने या प्रश्नाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष होते आणि मध्य प्रांतातील अधिकारी ए. एच. एल. फ्रेझर हे एक सदस्य. आयोगाने तक्ते मुकाट्याने स्वीकारले नाहीत. १८९२ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील इस्पितळांत दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांची प्रकरणे त्याने तपासावयास घेतली. तक्त्यांप्रमाणे यांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा, भांग वा चरस हे होते. गावोगाव चौकशी झाल्यावर ही संख्या ९८ वर आली. त्यांतही केवळ या पदार्थांनाच कारण मानता येईल असे रुग्ण ६१ निघाले. उरलेल्यांपैकी कोणाच्या घराण्यात आजार होता, कोणी आधीपासूनच भ्रमिष्ट होता, कोणाचे व्यसन आजारानंतरचे होते. गांजाच्या अतिसेवनाने चित्त बिघडू शकते हे आयोगाने नाकारले नाही, आणि आजचे वैद्यकही ते नाकारत नाही. त्याने दाखविले ते एवढेच की, २२२ पैकी निम्म्याहून अधिक माणसांच्या नावापुढे लिहिलेले कारण चौकशीत टिकले नाही.

समाज कारण कसे लावतो

रकाना भरणारा तो शिपाई दुष्ट नव्हता. आपण सारेच त्याच्यासारखे वागतो. १९६७ साली जोन्स व हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना क्यूबाच्या कॅस्ट्रोविषयीचे निबंध वाचावयास दिले. लेखकाने कोणती बाजू घ्यावी हे त्याला नेमून दिले होते, असे सांगितल्यावरही वाचणाऱ्यांनी निबंधातील मत लेखकाचेच मानण्याकडे कल दाखविला. परिस्थिती दिसत असूनही आपण माणसाच्या आतच कारण शोधतो. ली रॉस यांनी १९७७ साली या प्रवृत्तीस मूलभूत गुणारोपण-दोष असे नाव दिले.

हा दोष एका माणसापुरता राहत नाही, तो अख्ख्या समाजालाही चिकटविला जातो. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले; तो रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. मध्य प्रांतातील जातिजमातींवर रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली चार खंडांचा ग्रंथ काढला. त्यात अनेक जातींच्या चालीरीतींबरोबर त्यांचा 'स्वभाव'ही नोंदविलेला आहे. ज्याला सार्वजनिक विहिरीवर पाणी भरता येत नाही, ज्याला वेठीला धरले जाते, त्याचे दबून वागणे हा त्याचा स्वभाव म्हणावयाचा की त्याच्यावर लादलेल्या परिस्थितीचा परिणाम? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात जात ही विटामातीची भिंत नसून मनाची एक अवस्था आहे, असा सिद्धांत मांडला. रोग ते पाळणाऱ्यांच्या श्रद्धेत आहे, हे दाखवून त्यांनी बोट योग्य जागी ठेवले. ज्यांच्या पूर्वजांवर असे शिक्के मारले गेले, त्यांनी तरी शेजाऱ्याच्या आजारावर विनाचौकशी शिक्का मारू नये, असे आम्हास वाटते.

आज काय करावे

कायदा हळूहळू गग्गाच्या दिशेने आला आहे. कृत्याच्या वेळी ज्याचे चित्त ठिकाणावर नव्हते, त्याला ते गुन्हा म्हणून लागू नये हे तत्त्व १८६० च्या दंडसंहितेच्या कलम ८४ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. १८५८ च्या कायद्याची जागा १९१२ च्या व पुढे १९८७ च्या कायद्याने घेतली. २०१८ पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने स्पष्ट केले की, जात, धर्म वा राजकीय मत यांवरून, किंवा समाजाच्या रूढ मूल्यांशी जुळत नाही एवढ्यावरून, कोणालाही मनोरुग्ण ठरविता येणार नाही. पूर्वी कधी उपचार घेतले होते एवढ्यानेही आज तो मनोरुग्ण ठरत नाही.

उपचारही पूर्वीसारखे दूर राहिले नाहीत. १९५२ साली क्लोरप्रोमाझिन हे औषध आले आणि स्किझोफ्रेनियाच्या अनेक रुग्णांना घरी राहून जगणे शक्य झाले. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. १४४१६ या क्रमांकावर 'टेली-मानस'चा सल्ला २०२२ पासून विनामूल्य मिळतो.

तेव्हा कोणी भ्रमिष्टासारखे वागू लागला तर आमची उपासक-उपासिकांना विनंती आहे की, कारण सांगण्यापूर्वी काही प्रश्न विचारावे. हे केव्हापासून सुरू झाले? अंगात ताप आहे काय? सालेकसा-देवरीच्या जंगलपट्टीत हिवतापाचा उपद्रव आहे, आणि मेंदूवर गेलेल्या हिवतापात रुग्ण बरळतो, त्याला झटके येतात. अशा वेळी मांत्रिकाच्या दारात गेलेली एक रात्रही जिवावर बेतू शकते. झोप, भूक, काम यांत काय फरक पडला? दारू वा गांजा आजारापूर्वीचा की नंतरचा? घरात नुकतेच कोणी गेले काय, कर्जाचा तगादा आहे काय? ही उत्तरे डॉक्टरांपुढे ठेवावी आणि निदान त्यांच्यावर सोपवावे.

याहून अवघड काम पुढचे आहे. उपचारानंतर तो मनुष्य विहारात येऊन बसतो. आजारात त्याने कोणाला शिव्या दिल्या, कोणाच्या घरावर दगड मारला, हे सर्वांच्या लक्षात असते. त्याच्या मात्र नसते. गग्गाला विचारणाऱ्या भिक्षूंप्रमाणे लोक त्याला तेच तेच आठवून देतात. कित्येकदा हसत हसत देतात. संघाने गग्गाच्या बाबतीत हा विषय एकदा रीतसर मिटविला आणि त्याला आपल्यात बसविले. विहाराच्या व्यवस्थापकांनीही तसेच करावे. त्याला वंदना घेऊ द्यावी, सतरंज्या अंथरण्यापासून वर्गणीचा हिशेब ठेवण्यापर्यंत पूर्वी त्याच्याकडे जे काम होते ते पुन्हा सोपवावे आणि त्याच्यासमोर जुनी गोष्ट कोणी काढली तर तेथेच थांबवावे.