असिलोमारची उन्हाळी शिबिरे व स्त्री-नेतृत्वाची जडणघडण

अमेरिकेतील स्त्रियांच्या सार्वजनिक जीवनाचा विचार करताना मताधिकाराच्या लढ्याकडे प्रथम लक्ष जावे, हे स्वाभाविक होय. तथापि मताचा अधिकार मिळणे आणि सभा चालविणे, हिशेब राखणे, माणसांना कामाला लावणे ही कर्तबगारी अंगी येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कॅलिफोर्नियातील स्त्रियांना पहिली गोष्ट १९११ साली मिळाली. दुसरीचे शिक्षण ज्या स्थळांनी दिले, त्यांत पॅसिफिक ग्रोव्ह गावाजवळच्या, समुद्रकाठच्या असिलोमार शिबिराची गणना करावी लागेल. जीवशास्त्राच्या अभ्यासकांना हे नाव १९७५ च्या जनुकविषयक परिषदेमुळे परिचित असते. ते स्थळ मुळात ख्रिस्ती तरुणींसाठी उभारलेले होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

यंग विमेन्स ख्रिश्चन असोसिएशन या संस्थेचे अमेरिकेतील राष्ट्रीय मंडळ ग्रेस डॉज यांच्या अध्यक्षतेखाली १९०६ साली स्थापन झाले. महाविद्यालयांतील निवडक मुलींना उन्हाळ्यात एकत्र आणावे, बायबलाचे अध्ययन व प्रार्थना यांबरोबर कार्यपद्धतीचेही शिक्षण द्यावे आणि परतल्यावर त्यांनी आपापल्या शाखेची सूत्रे हाती घ्यावीत, अशी संस्थेची योजना असे. पश्चिम किनाऱ्यावरील मेळावे आरंभी कॅपिटोला येथील हॉटेलात भरत. १९१२ साली फीबी हर्स्ट यांनी प्लेझंटन येथील आपल्या वाडीवर मुलींची राहुट्यांत सोय केली. परंतु भाड्याची जागा काय किंवा आश्रयदात्रीची वाडी काय, दोन्हींत पाहुणेपणा होताच. पॅसिफिक इम्प्रूव्हमेंट कंपनीने तीस एकर जमीन देऊ केली ती एका अटीवर : दहा वर्षांत तेथे तीस हजार डॉलरांची बांधकामे व सुधारणा झाल्या पाहिजेत. ही अट या इतिहासात महत्त्वाची आहे. भक्तीच्या भाषेत बोलणाऱ्या संस्थेला तिने वर्गणी, कर, पाणीपुरवठा आणि बांधकाम यांच्या हिशेबात उतरविले. आणि तो हिशेब स्त्रियांनीच सांभाळावयाचा होता.

१९१३ साली शिबिर सुरू झाले. 'असिलोमार' हे नाव स्पर्धेतून निवडले गेले व ते स्टॅनफर्डच्या एका विद्यार्थिनीने सुचविले होते. आश्रय आणि समुद्र या अर्थांच्या दोन स्पॅनिश शब्दांचा तो जोड आहे. इमारतींचे काम ज्युलिया मॉर्गन यांच्याकडे आले. पॅरिसच्या एकोल दे बोझार या संस्थेचे वास्तुकलेतील प्रमाणपत्र १९०२ साली मिळविणारी ही पहिली स्त्री. १९०४ साली तिला कॅलिफोर्नियात व्यवसायाचा परवाना मिळाला. स्थानिक दगड आणि रेडवुडचे लाकूड वापरून तिने पुढील पंधरा वर्षांत सभागृह, प्रार्थनामंदिर, भोजनगृह, निवास असे एकामागून एक उभे केले. १९१५ च्या प्रार्थनामंदिराला डॉजबाईंचे नाव आहे. त्याच्या वेदीमागे चित्रित काच नाही. मोठ्या खिडकीतून वाळूचे ढीग आणि समुद्र दिसतो. राहुटीत निजणाऱ्या अठरा-वीस वर्षांच्या मुलीला येथे रोज जे दिसे, ते कोणत्याही प्रवचनात सांगितलेले नव्हते : जागेची मालकी स्त्रियांची, आराखडा स्त्रीचा, आणि इमारतींवर नावेही स्त्रियांचीच.

शिबिरातील दैनंदिन कामासाठी उन्हाळ्यापुरत्या विद्यार्थिनीच नेमल्या जात. त्यांना 'स्टक-अप्स', म्हणजे तोरा मिरवणाऱ्या, असे थट्टेचे नाव पडले होते, आणि १९१८ साली त्यांच्यासाठी बांधलेल्या निवासालाही तेच चिकटले. हरकाम्या पुरुषांना 'पायरेट्स' म्हणत. थट्टा असली तरी तीत अर्थ आहे. वाढप आणि झाडलोट करणारीला तोरा असू शकतो, हे मान्य करणारी जागा त्या काळी फारशी नव्हती.

या नेतृत्वाच्या मर्यादाही डोळ्यांआड करता येत नाहीत. इमारतींवरील नावे बहुतांशी धनिक स्त्रियांची होती. गिरणीत राबणाऱ्या स्त्रीचा आवाज संस्थेच्या राष्ट्रीय धोरणात ठळकपणे उमटला तो १९२० च्या क्लीव्हलंड अधिवेशनात. वंशभेद दूर करण्याची सनद संस्थेने १९४६ साली स्वीकारली, म्हणजे असिलोमारचा मूळ कालखंड संपल्यानंतर. शिवाय चर्चमध्ये या मुलींसाठी धर्मोपदेशकाचे पद बहुतेक पंथांत बंदच होते. शिबिरात त्या जे शिकल्या, ते चर्चबाहेर, शाळा, समाजसेवा व संघटना यांतच उपयोगी पडणार होते.

मंदीच्या काळात खर्च पेलवेना, तेव्हा १९३४ साली संस्थेने शिबिर बंद करण्याचा निर्णय घेतला. ह्या घटनेचे वर्णन अनेकदा केवळ शोकांतिका म्हणून होते; ते अपुरे आहे. निर्णय घेणाऱ्याही स्त्रियाच होत्या, आणि उभारलेली वस्तू मोडीत काढण्याचा अप्रिय निर्णय हाही नेतृत्वाचाच भाग होय. गिऱ्हाईक मात्र मिळेना. जागा भाड्याने दिली गेली, महायुद्धात लष्करी कुटुंबे तेथे राहिली, आणि अखेर १९५६ साली कॅलिफोर्निया राज्याने ती विकत घेतली. त्याच वर्षी अमेरिकेतील मेथडिस्ट चर्चने स्त्रियांना धर्मोपदेशकाचे पूर्ण अधिकार दिले.