नायकही स्त्री, नायिकाही स्त्री

मराठी रंगभूमीवर एका स्त्रीने नायक व दुसरीने नायिका होऊन शृंगार आणि विनोद रंगवण्याची पद्धत स्त्री नाटक मंडळ्यांमुळे रूढ झाली. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हापासून नाटक मंडळ्यांत स्त्रीभूमिका पुरुषच करत. कुलीन घरातील स्त्रीने रंगमंचावर उभे राहणे समाजाला मान्य नव्हते. भाऊराव कोल्हटकर आणि पुढे बालगंधर्व यांनी स्त्रीभूमिकांत अफाट लोकप्रियता मिळवली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेल्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये बालगंधर्व भामिनी झाले, तर केशवराव भोसले धैर्यधर. दोन पुरुषांनी रंगवलेला हा प्रणय रसिकांनी डोक्यावर घेतला.

याच काळात उलट वाटेने जाणाऱ्या मंडळ्याही होत्या. बेळगावकर स्त्री संगीत मंडळी, मनोहर स्त्री संगीत मंडळी अशा संस्थांत राजा, ऋषी, विदूषक या साऱ्या भूमिका स्त्रियाच करत. त्यांतील अनेक जणी गाण्या-नाचण्याचा पेशा असलेल्या घराण्यांतून आल्या होत्या. सूर आणि ताल त्यांना घरातूनच मिळालेला असे.

संगीत नाटकांची कथानके या पद्धतीला सोयीची होती. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’मध्ये (१८८२) अर्जुन यतीचा वेष घेऊन द्वारकेत राहतो, बलराम त्याच्या साधुत्वाला भुलतो आणि घटोत्कच झोपलेल्या सुभद्रेला उचलून नेतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’मध्ये (१९११) श्रीमंत भामिनी वनमाला बनून धैर्यधराची पारख करते. पुराण किंवा काल्पनिक राज्य, अद्भुत घटना, वेषांतर आणि हशा यांवरच ही नाटके उभी आहेत. वेषांतर कथेतच असल्यामुळे स्त्रीने अर्जुन होणे प्रेक्षकांना खटकण्याचे कारण उरत नसे.

कमलाबाई गोखले (जन्म १९००) या काळाच्या महत्त्वाच्या साक्षीदार होत. दादासाहेब फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये (१९१३) त्यांनी मोहिनीची, तर त्यांच्या आई दुर्गाबाई कामत यांनी पार्वतीची भूमिका केली. पुढे रंगभूमीवर कमलाबाईंनी स्त्री आणि पुरुष अशा दोन्ही भूमिका केल्या. १९२९ मध्ये हिराबाई बडोदेकर यांनी आपली नाटक मंडळी काढली आणि १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले. अशा प्रयत्नांतून स्त्रीभूमिका स्त्रियांनी करण्याची प्रथा स्थिरावली, तशी केवळ स्त्रियांच्या मंडळ्यांची गरज ओसरली.

रंगमंचावरच्या या सोंगामागे खरे प्रेम असू शकते, हे विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ने मांडले. ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये १९८१ साली त्याचा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन विनय आपटे यांचे होते आणि सुमित्रा ऊर्फ मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. कथा स्वातंत्र्यापूर्वीच्या महाविद्यालयातील आहे. संमेलनाच्या नाटकात मित्रा पुरुषपात्र करते आणि नायिका झालेल्या नमाच्या प्रेमात पडते. पौराणिक नाटकात सुखान्त होणारी जोडी इथे मात्र समाजाच्या धाकाने तुटते आणि मित्राचा शेवट आत्महत्येत होतो.

त्यानंतर कायदा बदलला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. दोन स्त्रियांची हसरी, अद्भुत प्रेमकथा लिहू पाहणाऱ्या मराठी लेखकाला परका नमुना शोधावा लागत नाही. वेषांतर, विनोद आणि सुखान्त ही सारी सामग्री संगीत नाटकात तयार आहे आणि ती स्त्रियांनीच रंगवल्याचा इतिहासही आहे. बालगंधर्वांच्या भामिनीला मराठी नाट्येतिहासात जे स्थान आहे, तेच नायक साकारणाऱ्या या स्त्रियांनाही मिळायला हवे.