बांधकाम ठेकेदारांची राष्ट्रीय संघटना : वर्षभराचा कारभार कसा चालतो

आपल्या सभासद-कुटुंबांत बांधकाम ठेकेदार, स्थापत्य अभियंते आणि बांधकाम साहित्याचे व्यापारी बरेच आहेत. त्यांपैकी अनेक जण आपल्या शहरातील ठेकेदार संघटनेची वर्गणी नियमाने भरतात, वर्षातून एकदा स्नेहभोजनाला जातात आणि अहवालाची पुस्तिका घरी आणून ठेवतात. ती पुस्तिका उघडून वाचली जाते का, हा प्रश्न वेगळा. अशा संघटनेचा वार्षिक कारभार कोणत्या नियमांनी चालतो आणि त्यात सभासदाचे स्थान काय, याची माहिती एकत्र असावी म्हणून ही नोंद तयार केली आहे.

सुरुवातीलाच एक मुद्दा सांगतो. अशा संघटनांचा अध्यक्ष बहुधा एका वर्षाचा असतो. संघटना ज्या प्रश्नांसाठी झगडते, ते मात्र दहा-दहा वर्षे चालतात. हे अंतर भरून काढण्याचे काम अध्यक्ष करू शकत नाही. ते काम सभेचे इतिवृत्त, हिशेबाची वही आणि दरवर्षी नीट पार पडणारे हस्तांतर करते.

संघटना कोणाची?

देशातील बांधकाम ठेकेदारांची जुनी आणि मोठी संघटना म्हणजे बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया. तिची स्थापना १९४१ साली झाली. मुख्य कार्यालय मुंबईत आहे. मनिला येथे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या आशिया व पश्चिम पॅसिफिक विभागातील ठेकेदार संघटनांच्या महासंघातही भारताचे प्रतिनिधित्व ही संघटना करते.

नावातील 'बिल्डर्स' या शब्दामुळे आपल्याकडे गैरसमज होतो. मराठीत बिल्डर म्हटले की जागा घेऊन फ्लॅट बांधून विकणारा डोळ्यांसमोर येतो. त्या व्यवसायाची प्रमुख संघटना क्रेडाई. ती १९९९ साली स्थापन झाली. बिल्डर्स असोसिएशनमध्ये विकासकही आहेत. पण तिचा मूळ पाया निविदा भरून रस्ते, पूल, धरणे, इमारती बांधून देणाऱ्या ठेकेदारांचा आहे. विकासकाला ग्राहकाकडून पैसे मिळतात, ठेकेदाराला बहुतेक वेळा सरकारी खात्याकडून. म्हणून थकलेली बिले, अनामत रक्कम, भाववाढीचे कलम, लवाद आणि करआकारणी हे संघटनेचे कायमचे विषय राहिले आहेत.

तीन पायऱ्या

कारभार तीन पातळ्यांवर चालतो. पहिली पायरी शहर किंवा जिल्ह्याच्या केंद्राची. पुणे, नाशिक अशी केंद्रे आपल्या वाचकांना परिचित असतील. केंद्राला चेअरमन आणि स्थानिक समिती असते. दुसरी पायरी राज्याची, तिला राज्याध्यक्ष. तिसरी राष्ट्रीय पातळी : अध्यक्ष, उपाध्यक्ष, मानद खजिनदार, व्यवस्थापन समिती आणि विविध भागांतील प्रतिनिधींची जनरल कौन्सिल. व्यवस्थापन समितीच्या व कौन्सिलच्या बैठका वेगवेगळ्या शहरांत भरतात. त्यामुळे मुंबईबाहेरच्या सभासदालाही कधीतरी कामकाज जवळून पाहायला मिळते.

पदाधिकारी मानद असतात. त्यांचे स्वतःचे ठेके, कामगार, साइट चालूच असतात. रोजचे काम पगारी कार्यालय पाहते. अध्यक्ष बदलला तरी फाइल कुठे आहे, हे त्या कार्यालयाला माहीत असते. संघटनेच्या अंदाजपत्रकात कार्यालयाच्या खर्चावर काट मारण्याची सूचना दरवर्षी कोणीतरी करतोच. ती मान्य करण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

कायद्याची चौकट

व्यावसायिक संघटनेला आपल्या देशात मुख्यतः तीन प्रकारे नोंदणी करता येत आली आहे.

*संस्था नोंदणी कायदा, १८६०.* दरवर्षी वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर १४ दिवसांच्या आत व्यवस्थापक मंडळाची यादी निबंधकाकडे द्यायची, असे कलम ४ सांगते. संस्थेचे उद्दिष्ट बदलायचे तर कलम १२ प्रमाणे प्रस्ताव १० दिवस आधी सभासदांना पाठवावा लागतो, विशेष सभेत ३/५ मते लागतात आणि एक महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा घेऊन पुन्हा तेवढ्याच मतांनी दुजोरा घ्यावा लागतो. एका उत्साही सभेत संस्थेची दिशाच बदलू नये, हा त्यामागचा हेतू. वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकलेल्या सभासदाला मत देता येत नाही आणि त्याची गणनाही होत नाही, हे कलम १५ मध्ये आहे.

*कंपनी कायदा, २०१३.* कलम ८ खाली नफा न वाटणारी कंपनी काढता येते. मग आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घ्यावी लागते. दोन वार्षिक सभांमध्ये १५ महिन्यांहून जास्त अंतर चालत नाही.

*ट्रेड युनियन कायदा, १९२६.* २०२५ पर्यंत लागू असलेला हा कायदा नाव ऐकून फक्त कामगारांचा वाटे. पण त्यातील व्याख्येत मालक-मालकांमधील संबंधांसाठी केलेली संघटनाही बसत असे. अशा संघटनेलाही हिशेबाचे वार्षिक विवरणपत्र द्यावे लागे.

राज्यांप्रमाणे फरक पडतो, हे आपण महाराष्ट्राबाहेरच्या मंडळींनी विशेष लक्षात ठेवावे. बेळगावात कर्नाटकचा १९६० चा संस्था नोंदणी कायदा लागतो, इंदूर-ग्वाल्हेरला मध्य प्रदेशचा १९७३ चा, हैदराबादेत २००१ चा. म्हणून 'मुंबईत असे करतात' एवढ्यावर स्थानिक संस्थेने विसंबू नये.

वर्षाचे चक्र

एप्रिलमध्ये नवे आर्थिक वर्ष सुरू होते. नवी समिती पहिल्या बैठकीत अंदाजपत्रक मांडते, उपसमित्या नेमते आणि वर्षाचे दोन-तीन मुख्य विषय ठरवते. अनुभवी संघटना त्यांत जुना अर्धवट राहिलेला एक तरी विषय घेतात. नव्या अध्यक्षाला स्वतःच्या नावाचा उपक्रम हवा असतो, ते स्वाभाविक आहे. पण मागच्या वर्षीचे निवेदन मंत्रालयात कोणत्या टेबलावर आहे, हे विचारायला कोणी गेलेच नाही तर वर्षभराचे काम वाया जाते.

त्यानंतर गेल्या वर्षाच्या हिशेबांची तपासणी होते आणि वार्षिक सभेची सूचना निघते. विषयपत्रिका साधारण ठरलेली असते : मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, अहवाल, ताळेबंद, हिशेब तपासनिसाची नेमणूक, निवडणूक आणि अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. आयत्या वेळच्या विषयांत पैशाचा किंवा घटनादुरुस्तीचा ठराव घेऊ नये. जो विषय सूचनेत नव्हता, त्यावर गैरहजर सभासदाचे मत विचारलेच गेले नाही, असा त्याचा अर्थ होतो.

निवडणुकीत अर्ज, छाननी, माघार आणि मतदान असे टप्पे असतात. पुष्कळ संघटनांत उपाध्यक्षाने पुढे अध्यक्ष व्हावे अशी प्रथा आहे आणि निवड बिनविरोध होते. प्रथेचा फायदा म्हणजे येणाऱ्या माणसाला काम आधीपासून ठाऊक असते. तोटा असा की, काही वर्षांनी पदे मोजक्या मंडळींत फिरू लागतात. बिनविरोध निवडही नियमाप्रमाणे अर्ज मागवून झाली पाहिजे.

पैसा आणि बँक खाते

हा विभाग आमच्या जिव्हाळ्याचा. वर्गणी, प्रवेश फी, अधिवेशने, प्रदर्शने आणि जाहिराती हे उत्पन्नाचे मुख्य मार्ग. आयकराबाबत १९६१ च्या कायद्यातील दोन तरतुदी महत्त्वाच्या होत्या. व्यापारी संघटनेने सभासदांना दिलेल्या विशिष्ट सेवांचे उत्पन्न कलम २८ खाली व्यवसायाचे उत्पन्न धरले जाई. उलट, सभासदांच्या हितासाठी केलेला खर्च वर्गणीपेक्षा जास्त झाला तर ती तूट इतर उत्पन्नातून वजा करण्याची सवलत कलम ४४अ मध्ये होती. तिला एकूण उत्पन्नाच्या निम्म्याची मर्यादा होती. म्हणून वर्गणी आणि सेवांची रक्कम वेगवेगळ्या खात्यांत लिहिणे गरजेचे.

आम्ही बँकेत असताना वार्षिक सभांच्या हंगामानंतर संस्थांची मंडळी काउंटरवर येत. पदाधिकारी बदलले, आता सह्या आमच्या, असे तोंडी सांगत. बँकेला तोंडी चालत नाही. ठरावाची प्रमाणित प्रत, नव्या पदाधिकाऱ्यांची यादी, ओळखपत्रे आणि सह्यांचे नमुने द्यावे लागतात. दोन गटांनी दोन वेगळे ठराव आणून दिले की, वाद मिटेपर्यंत खात्यातील व्यवहार अडकतात आणि कार्यालयातील शिपायाचा पगारही थांबतो. सभेच्या आठवड्यातच ठरावाची प्रत काढून बँकेत द्यावी, हा साधा उपाय आहे. ऑनलाइन बँकिंगचे पासवर्ड आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक बदलणे, हा आता हस्तांतराचाच भाग समजावा.

अध्यक्षांपेक्षा जास्त जगलेले दोन दावे

पहिला दावा कराचा. ठेकेदार इमारत बांधून देतो तेव्हा त्यातील सिमेंट-लोखंडाची 'विक्री' होते का? गॅनन डंकर्ले प्रकरणात १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ठेका अखंड आहे, त्यातून मालाची विक्री वेगळी काढून राज्याला कर लावता येणार नाही. पुढे १९८२ मध्ये ४६ वी घटनादुरुस्ती होऊन राज्यांना तो अधिकार मिळाला. बिल्डर्स असोसिएशनने आव्हान दिले. १९८९ मध्ये निकाल लागला : घटनादुरुस्ती वैध ठरली, मात्र राज्यांनी हा कर लावताना घटनेच्या कलम २८६ मधील बंधने पाळलीच पाहिजेत, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. मुख्य मुद्दा गेला, तरी ठेकेदारांच्या हाती एक आधार आला.

दुसरा दावा सिमेंटचा. कंपन्या संगनमत करून भाव चढे ठेवतात, अशी तक्रार संघटनेने २०१० मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे केली. जून २०१२ मध्ये आयोगाने अकरा कंपन्यांना सुमारे ६,३०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. डिसेंबर २०१५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द केला. कारण कारभाराच्या दृष्टीने शिकण्यासारखे आहे : ज्या अध्यक्षांनी आदेशावर सही केली, ते सुनावणीला हजर नव्हते. फेरसुनावणी होऊन ऑगस्ट २०१६ मध्ये सुमारे ६,७०० कोटींचा दंड पुन्हा लागला, जुलै २०१८ मध्ये कंपन्यांची अपिले फेटाळली गेली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दंडाच्या १० टक्के रक्कम भरण्याच्या अटीवर कंपन्यांची अपिले दाखल करून घेतली.

म्हणजे तक्रारीपासून सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत आठ वर्षे. एकेका वर्षाचे अध्यक्ष धरले तर एवढ्या काळात किती जण बदलतात, ते आपणच मोजावे. दर वर्षी वकिलांची फी मंजूर करणारा ठराव आणि नीट ठेवलेली फाइल नसती, तर असा दावा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच थंडावला असता.

सभेत काय बोलू नये

याच प्रकरणात दुसरा धडा आहे. आयोगाने सिमेंट उत्पादकांच्या संघटनेलाही दोषी धरले आणि सभासद कंपन्यांकडून भावाची माहिती गोळा करणे व उत्पादनाचे तपशील सभासदांत फिरवणे थांबवण्यास सांगितले. तोच स्पर्धा कायदा ठेकेदारांनाही लागू आहे. बैठकीत किंवा तिच्यानंतर चहा पिताना 'हे टेंडर तुम्ही घ्या, पुढचे आम्ही' असे ठरवले तर तो संगनमताचा गुन्हा होतो. निविदेतील जाचक अटीविरुद्ध एकत्र निवेदन देणे रास्त. निविदेचा आकडा एकत्र ठरवणे बेकायदा. चांगला चेअरमन असे बोलणे तिथेच थांबवतो आणि थांबवल्याची नोंद इतिवृत्तात करायला सांगतो.

सभासदाने काय पाहावे

१. आपली वर्गणी सभेपूर्वी भरली आहे का. नसेल तर मताचा हक्क जाऊ शकतो.
२. मागील इतिवृत्तातील प्रत्येक ठरावापुढे 'झाले', 'चालू' की 'सोडले' हे लिहिले आहे का.
३. ताळेबंदात येणे रकमा वर्षानुवर्षे तशाच पुढे ओढल्या जात आहेत का.
४. न्यायालयीन दाव्यांची यादी, पुढील तारीख आणि आजवरचा खर्च अहवालात आहे का.
५. मावळत्या आणि नव्या पदाधिकाऱ्यांच्या सह्यांची हस्तांतर यादी झाली का : दप्तर, शिक्के, ठेव पावत्या, मालमत्तेचे कागद, पासवर्ड.
६. निबंधकाकडे किंवा कंपनी कार्यालयात वार्षिक विवरण वेळेत गेले का, पोच मागावी.

ही यादी ठेकेदारांच्या संघटनेपुरती नाही. गणेशोत्सव मंडळ, वाचनालय, पतसंस्था किंवा आपले मंडळ, सगळीकडे तिचा उपयोग होईल. येत्या वार्षिक सभेला येताना सभासदांनी तिची प्रत बरोबर आणावी आणि प्रश्न विचारावेत. विचारलेल्या प्रश्नाची नोंद इतिवृत्तात राहते आणि पुढच्या वर्षीच्या समितीला ती वाचावी लागते.