जुनी मोटार : कार्बुरेटर कीं पिचकारी ?

नायगांवच्या बी. डी. डी. चाळींकडून दादरच्या पारशी वसाहतीकडे पायीं निघालें म्हणजे थोड्याच वेळांत पांच बागांची गर्द सावली लागते. ज्या चाळी मागें टाकून यावयाचें त्या १९२० नंतरच्या दशकांत मुंबई सरकारच्या विकास खात्यानें उभारल्या; आतां त्यांच्या जागीं उंच इमारती चढत आहेत. पुढें मात्र झाडांखालीं, ताडपत्रीच्या आवरणांत, एखादी जुनी फियाट किंवा मॉरिस अजून विसांवलेली दिसते. आवरण काढलें, किल्ली फिरविली, आणि एंजिन दोनदां खोकून गप्प बसलें, कीं मालकापुढें एक प्रश्न उभा राहतो. वयस्क मेस्त्री म्हणतो, कार्बुरेटर उघडून धुवूं, जेट बदलूं, गाडी पुन्हां चालूं लागेल. त्याचाच तरुण मदतनीस म्हणतो, तें जुनें लचांड काढून टाका आणि पेट्रोलाची पिचकारी, म्हणजे फ्युएल इंजेक्शन, बसवा. वाद दिसावयास केवळ यंत्राचा आहे. परंतु त्याच्या पोटांत सव्वाशें वर्षांचा इतिहास आहे, आणि तो समजल्यावांचून कोणत्याहि बाजूनें कौल देणें घाईचें होईल.

पेट्रोल जळतें असें सहज म्हटलें जातें. वस्तुतः जळतें तें पेट्रोलाची वाफ आणि हवा यांचें मिश्रण. वजनानें एक भाग पेट्रोल व सुमारें १४.७ भाग हवा असें प्रमाण जमलें म्हणजे ज्वलन पुरें होतें. पेट्रोल वाढलें तर काळा धूर निघतो, कमी पडलें तर एंजिन तापतें आणि अडखळतें. हें प्रमाण साधावयाचें कसें ? ढेकणांवर मारावयाचा फ्लिटचा पंप ज्यांच्या घरीं होता त्यांना याचें उत्तर ठाऊकच आहे. आडव्या नळींतून हवा जोरानें सुटली कीं डब्यांतील औषध उभ्या नळींतून आपोआप वर ओढलें जातें आणि त्याचा फवारा होतो. कार्बुरेटर म्हणजे हाच पंप, थोडा अधिक शहाणा. एंजिनाचा दट्ट्या खालीं जातांना हवा ओढतो. ती हवा एका अरुंद गळ्यांतून जातांना तिचा वेग वाढतो व दाब उतरतो. मग वाटींत सांठविलेलें पेट्रोल जेट नांवाच्या बारीक छिद्रांतून वर येऊन प्रवाहांत उधळलें जातें. वाटींतील पातळी राखण्याचें काम, पाण्याच्या टाकींतल्या गोळ्याप्रमाणें, एक तरंगता गोळा आणि सुई मिळून करितात. या सर्व व्यवस्थेंत विजेचा लवलेश नाहीं. हवेचा ओढाच तिचा मुनीम.

अरुंद गळ्याचें हें तत्त्व व्हेंचुरी या इटालियन शास्त्रज्ञानें १७९७ मध्यें प्रसिद्ध केलें होतें. मोटारीचें तेव्हां कोणाच्या स्वप्नांतहि नव्हतें. कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडींत हवा नुसती पेट्रोलाच्या पृष्ठभागावरून वाहत जाई व जी वाफ मिळेल ती घेई. फवाऱ्याचा खरा कार्बुरेटर १८९३ मध्यें जर्मनींत मायबाख यानें सिद्ध केला, आणि त्याच वर्षीं हंगेरींत बांकी व चोंका या जोडीनेंहि. त्यानंतर घराणीं झालीं : फ्रान्सचा सोलेक्स, इटलीचा वेबर, इंग्लंडचा एस. यू. यांतील एस. यू. च्या जनकांचें, म्हणजे स्किनर यांचें, घराणें जोड्यांच्या व्यापारांतलें. त्यांच्या पहिल्या कार्बुरेटरांत चामड्याचा भाता होता, हा निव्वळ योगायोग नसावा.

पिचकारीची कल्पना याहून निराळी. तींत हवेनें पेट्रोल ओढावयाचें नाहीं. पंपानें तें दाबाखालीं आणून मोजक्या मापानें आंत सोडावयाचें. डिझेल एंजिनास ही रीत जन्मापासूनचीच आहे, आणि त्यामुळें वडाळ्याच्या आगारांतून सुटणाऱ्या डिझेल बसगाड्यांच्या कारागिरांना पिचकारी कधींच अपूर्वाईची वाटली नाहीं. पेट्रोल एंजिनांत मात्र तिचा गाजावाजा झाला तो आकाशांत. १९४० सालच्या ब्रिटनवरील हवाई युद्धांत जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ या विमानाच्या एंजिनांत पिचकारी होती, तर इंग्रजांच्या स्पिटफायर व हरिकेन विमानांतील मर्लिन एंजिनाला एस. यू. कार्बुरेटर होता. पाठलाग सुरू झाला कीं जर्मन वैमानिक एकदम नाक खालीं करून सूर मारी. इंग्रज वैमानिकानें तसेंच केलें, तर त्याच्या कार्बुरेटरच्या वाटींतील पेट्रोल वर उसळे, एंजिन क्षणभर उपाशी राहून गचके खाई, आणि मागाहून नको इतकें पेट्रोल येऊन गुदमरे. तेवढ्या अवकाशांत शत्रु निसटे. म्हणून इंग्रज वैमानिकाला आधीं विमान कुशीवर वळवून मगच खालीं उतरावें लागे.

यावरचा तोडगा फार्नबरो येथील संशोधनसंस्थेंतील बिआट्रिस शिलिंग या स्त्री इंजिनियरनें १९४१ मध्यें काढला. तो इतका साधा कीं विश्वास बसूं नये : मध्यें छिद्र पाडलेली एक लहानशी पितळी चकती पेट्रोलाच्या वाटेंत बसवावयाची, म्हणजे जास्तींत जास्त किती पेट्रोल येईल यास मर्यादा पडते. दोष समूळ गेला नाहीं, पण लढण्याजोगा झाला. मात्र इंग्रजांनीं कार्बुरेटर ठेवला तो केवळ हट्टानें नव्हे. पेट्रोलाची वाफ होतांना ती हवेला थंड करते. थंड हवा दाट असते. आणि दाट हवेंत शक्ति अधिक. पिचकारीनें पेट्रोल थेट सिलिंडरांत सोडलें कीं वाटेंतला हा लाभ हातचा जातो. पिचकारी म्हणजे प्रगति आणि कार्बुरेटर म्हणजे जुनाटपणा, अशी जी सोपी वाटणी आज केली जाते, ती १९४० सालींहि खरी नव्हती.

युद्धानंतर ही विद्या रस्त्यावर उतरली. १९५२ सालीं मर्सिडीजच्या शर्यतीच्या ३०० एस. एल. गाडीचें तीन लिटरचें एंजिन कार्बुरेटरवर सुमारें १७० अश्वशक्ति देई. १९५४ मध्यें विक्रीस आलेल्या त्याच नांवाच्या गाडीनें पिचकारीच्या जोरावर २१५ गांठली. पण किल्ली बंद केल्यावर एंजिन फिरावयाचें थांबेपर्यंत तिचा पंप पेट्रोल सोडीतच राही, आणि तें सिलिंडरच्या भिंतींवरील वंगण धुवून काढी. अमेरिकेंत क्रायस्लर कंपनीनें, जिच्या डॉज व डिसोटो गाड्यांची जुळणी आपल्या कुर्ल्यास होत असे, १९५८ च्या कांहीं गाड्यांना विजेवर चालणारी बेंडिक्सची पिचकारी बसविली. त्या काळचे विजेचे सुटे भाग उष्णता आणि दमटपणा यांपुढें टिकले नाहींत, आणि बहुतेक गिऱ्हाइकांना कंपनीनें पुन्हां कार्बुरेटरच बसवून दिले. पुढें बॉशनें तोच धागा उचलून १९६७ मध्यें फोक्सवागनसाठीं यशस्वी विद्युत्-पिचकारी केली; १९७६ मध्यें व्होल्वोनें धुरांतील प्राणवायु मोजणारा संवेदक जोडला, आणि तेव्हांपासून एंजिन स्वतःचाच धूर हुंगून आपलें प्रमाण सुधारूं लागलें. कार्बुरेटरचा खरा पराभव झाला तो या संवेदकापुढें.

मुंबईला हें सारें उशिरां कळलें, आणि त्यास कारण होतें. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यांतून १९४७ मध्यें पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. तेथेंच पुढें फियाट ११०० तयार होऊं लागली आणि १९७४ पासून तिचें नांव पद्मिनी झालें. १०८९ घनसेंटिमीटरचें एंजिन, वर एकाच गळ्याचा सोलेक्स जातीचा कार्बुरेटर, आणि परवान्यांच्या त्या राज्यांत प्रतिस्पर्धी जवळ जवळ नाहींत. मग बदल कोणी व कशासाठीं करावा? काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें हीच गाडी शहरभर पसरली, आणि परळ, लालबाग, नायगांव, दादर या भागांतील गल्ल्यांत तिच्यावर पोसलेली एक विद्या वाढली. ठिणगीचा प्लग काढून त्याचा रंग पाहावयाचा : विटकरी असेल तर प्रमाण ठीक, काजळी धरली तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला तर कमी. एका हातानें स्क्रू पाव वळसा फिरवावयाचा आणि कान एंजिनाकडे लावावयाचा. ही विद्या कोणत्याहि शाळेंत शिकविली गेली नाहीं. ती एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे गेली.

मग पंचवीस वर्षांच्या आंत सगळें पालटलें. २००० सालीं धुरावरील नवे निर्बंध देशभर लागू झाले, त्याच सुमारास मारुति ८०० नें कार्बुरेटर टाकून पिचकारी घेतली, आणि शिसें घातलेलें पेट्रोलहि त्याच वर्षीं बंद झालें. पद्मिनीचें उत्पादन थांबलें. राहिलेल्या टॅक्सींनीं कार्बुरेटरच्या जोडीला मिश्रक बसवून नैसर्गिक वायूवर दिवस काढले. २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या कार्यालयांत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मर्यादा भरून ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. तत्पूर्वीं, १ एप्रिल २०२० पासूनच्या निर्बंधांनीं नव्या मोटारसायकली व स्कूटरी यांतूनहि कार्बुरेटर जवळ जवळ नाहींसा केला होता. आज तरुण कारागिराला तो हाताळावयास मिळतो तो जुन्या गाडींतच.

एवढें होऊनहि ताडपत्रीखालच्या फियाटचें कांहीं बिघडलें नसतें. तिला त्रास झाला तो पंपावरील पेट्रोलाचा. उसाची मळी व रस, तसेंच मक्यासारखीं धान्यें यांपासून केलेलें इथेनॉल पेट्रोलांत मिसळण्याचें प्रमाण २०२२ मध्यें दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्यें वीस टक्क्यांवर गेलें. साखर कारखानदारीच्या महाराष्ट्राला यांत लाभ आहे, हें नाकारण्याचें कारण नाहीं. पण इथेनॉलला जळावयास एका भागास नऊच भाग हवा लागते. वीस टक्के मिश्रणाचें प्रमाण त्यामुळें सुमारें १३.५ वर येतें, आणि जुन्या मापाचा जेट आठ-नऊ टक्क्यांनीं तोकडा पडतो. पिचकारीचा संवेदक ही तूट क्षणांत भरून काढतो. पितळेच्या छिद्राला तें कसें कळावें? शिवाय इथेनॉल जुन्या रबरी नळ्या व पडदे यांना फुगवितें, आणि हवेंतील ओल शोषून घेतें. मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसाळ्यांत उभ्या राहिलेल्या टाकींत तें पाणी तळाशीं वेगळें होऊन बसतें आणि गंज धरतो.

येथवर पाहतां तरुण मदतनिसाची बाजू भक्कम दिसते. पण पिचकारी एकटी येत नाहीं. तिला अधिक दाबाचा पंप लागतो, जास्तीचें पेट्रोल परत टाकींत नेणारी नळी लागते, धुराच्या नळीस छिद्र पाडून संवेदक बसवावा लागतो, आणि या सर्वांस अखंड वीज लागते. जुन्या फियाटच्या डायनामोकडून मंद गतींत ती मिळणें कठीण, म्हणून आल्टर्नेटर आला. मूळ वायरिंग कापडी वेष्टनाचें असेल तर तेंहि बदलणें आलें. एका भागाच्या निमित्तानें गाडीचें अर्धें पोट नवें होतें. आणि वर्षांनंतर तिचा विद्युत्-मेंदू बिघडला, तर तो भाग मिळेल याची शाश्वति नाहीं. कार्बुरेटरचा जेट मात्र चांगला खरादी आजहि पितळेंतून काढून देऊं शकतो.

कायद्याचेंहि एक अंग आहे. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी व ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळूं शकतो. अट अशी कीं गाडी मूळ स्वरूपांत असावी, आणि सांगाडा, देह किंवा एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्यें या पंक्तीस आली. १९८५ च्या पद्मिनीला २०३५ पर्यंत थांबावें लागेल. पिचकारी बसविलेली गाडी तपासणाऱ्या अधिकाऱ्यानें तो एंजिनांतील फेरफार मानला, तर ही वाट बंद होते. पन्नाशी न गांठलेल्या गाडीच्या मालकानें तर बदलापूर्वीं परिवहन कार्यालयांत लेखी विचारणा करावी हेंच श्रेयस्कर.

मग करावें काय ? जी गाडी रोज कचेरींत न्यावयाची आहे, जिच्यांत पूर्वींच पुष्कळ अदलाबदल झालेली आहे, तिला परवानगीनें पिचकारी बसविण्यांत पाप नाहीं; काढलेला कार्बुरेटर मात्र तेलकट कागदांत गुंडाळून गाडीबरोबरच जपावा. परंतु जी गाडी अजून कुर्ल्याहून निघाली तशीच आहे, तिच्या बाबतींत वयस्क मेस्त्रीचें म्हणणें मानावें. इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या नळ्या व पडदे बसवावे, जेट एक-दोन मापें मोठा घ्यावा, प्लगचा रंग पाहून स्क्रू लावावा. खर्च पिचकारीच्या मानानें थोडा आणि प्रत्येक फेरफार उलटा करतां येण्याजोगा. हें काम होत असतां त्या तरुण मदतनिसाला शेजारीं उभें करावें, कारण ऐकून स्क्रू फिरविणारे कान आतां फार थोडे उरले आहेत.

मृगाच्या आधीं टाकी रिकामी करावी, पेट्रोलाचा पुरवठा तोडून वाटींतलें उरलेलें पेट्रोल एंजिन चालवूनच संपवावें, आणि मगच ताडपत्री ओढावी. दसऱ्याच्या सकाळीं झेंडूची माळ घालण्यापूर्वीं ताजें पेट्रोल भरून हातपंपानें वाटी भरावी, चोक ओढावा, आणि किल्ली फिरवावी.